जिप्सीचं इंजिन, घरचं विमान आणि इलेक्ट्रिक वॉटर पंप: कोणता घ्यावा, कोणता नाही

आधीच सांगून टाकतो, डब्यावरचे लिटर पाहून पंप घेऊ नका भाऊ. मिनिटाला ११५ लिटर, १५० लिटर हे जे छापलेलं असतं ना ते पंपाच्या तोंडाला काहीच लावलेलं नसताना, पूर्ण व्होल्टेजवर, मोकळ्या पाण्याचं असतं. तुमच्या इंजिनात पाणी मोकळं फिरत नाही, ते ब्लॉकमधून, सिलिंडरांवरच्या हेडमधल्या चिंचोळ्या वाटांमधून, रेडिएटरच्या चपट्या नळ्यांमधून आणि जागा पुरली नाही म्हणून तुम्हीच घातलेल्या तीन-चार काटकोनी बेंडमधून घासत जातं, आणि त्या सगळ्याशी भांडून शेवटी जे हातात येतं तेच खरं. आपल्याकडच्या टिल्लू पंपासारखंच आहे ते, नळाच्या तोंडाशी काय धो धो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीत करंगळीएवढी धार.

आमचं काय चालू आहे ते थोडक्यात. हिंगणा एमआयडीसीत एका मित्राचं शेड आहे, लेथ-मिलिंग सगळं त्याचंच, तिथे आम्ही तिघं-चौघं मिळून दोन सीटचं विमान बांधून राहिलो. इंजिन मारुती जिप्सीचं, जी१३बीबी, १.३ लिटर, एमपीएफआय म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं, कंपनीच्या हिशोबाने ६००० आरपीएमला ८० बीएचपी. सध्या इंजिन टेस्ट स्टँडवर आहे, पंखा लावून, साखळीने जमिनीला बांधून. उडवायचं कधी हे विचारू नका, घरचे रोज विचारतात. अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि परवानगीसाठी त्यांना किती वर्षं घासावी लागली तेही सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कागदपत्रांवर आत्ता बोलतच नाही. हा रिव्ह्यू फक्त पंपाचा.

इलेक्ट्रिकच कायले पाहिजे, असं बरेच जण विचारतात, जिप्सीचा पट्ट्यावर चालणारा पंप काय वाईट आहे. वाईट नाही, उलट फार इमानदार पंप आहे, पाच-सातशे रुपयांपासून मिळतो आणि ऑटोमोटिव्ह चौकात कोणत्याही दुकानात उभं राहून मागा, हातात ठेवतील. पण आमच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला आता रिडक्शन, म्हणजे पंख्याचा वेग इंजिनापेक्षा कमी करणारी जोडणी, बसलं, रेडिएटर गेला विमानाच्या पोटाखाली, आणि पंपाची पुली नेमकी इंजिन माउंटच्या नळीत अडकते. दुसरं म्हणजे पट्ट्याचा पंप इंजिनाच्या आरपीएमशी बांधलेला असतो. मे महिन्यात डांबरावर इंजिन हळू चालू ठेवून उभे राहिलात तर इंजिन हळू म्हणजे पंपही हळू, आणि हवा तर नाहीच, काटा चढताना डोळ्याने दिसतो. तिसरं, इंजिन बंद केलं की पंपही बंद, हेडमधली उष्णता तिथल्याच पाण्यात जाते आणि पाणी तिथेच उकळतं. इलेक्ट्रिक पंप इंजिन बंद झाल्यावरही फिरवता येतो, हा फायदा स्टँडवर एकदा पाहिला की मग परत पट्ट्याकडे जावंसं वाटत नाही.

आता हिशोब, कारण हिशोब न करता जे पंप घेतात ते दोनदा घेतात. पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने जळलेल्या पेट्रोलचा एक हिस्सा शाफ्टवर येतो, एक हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि एक हिस्सा पाण्यात, म्हणजे ८० बीएचपी म्हणजे ६० किलोवॅट शाफ्टवर येत असतील तर पाण्यातही त्याच्या आसपासच जातात, थोडे तेलातून आणि इंजिनाच्या अंगावरून गेले असं धरलं तरी ५० किलोवॅट पकडून चाला. अर्धं पाणी अर्धं कूलंट असं मिश्रण एक लिटर एक अंशाने तापवायला साधारण ३.६ किलोज्यूल लागतात. इंजिनात शिरताना आणि निघताना १० अंशांचा फरक चालवायचा ठरवला तर ५० भागिले ३६, म्हणजे सेकंदाला १.४ लिटर, मिनिटाला ८३-८४ लिटर. हे पूर्ण पॉवरचं, म्हणजे टेकऑफ आणि चढताना. क्रूझमध्ये, म्हणजे वर जाऊन सरळ उडताना, ६५ टक्क्यांवर आलात की ५५ लिटरमध्ये भागतं. म्हणजे डब्यावर ८० लिहिलेला पंप कागदावरच कमी पडला, आणि ११५ वाला रेडिएटर लावल्यावर पुरेल की नाही हे तुमच्या पाइपांवर आहे.

गाडीवाले म्हणतात, आमच्याकडे तर ८० लिटरचाच पंप आहे, मस्त चालतो. चालणारच ना. हायवेवर ८० च्या स्पीडने जाणारी गाडी इंजिनाकडून वीस-पंचवीस हॉर्सपॉवर मागते, बाकी इंजिन आरामात. विमानाचं इंजिन तासन्‌तास ६५-७५ टक्क्यांवर बसलेलं असतं, आणि चढताना पूर्ण पॉवर तीही कमी स्पीडवर, म्हणजे सगळ्यात जास्त उष्णता नेमकी तेव्हा जेव्हा रेडिएटरला हवा सगळ्यात कमी. गाडीतला अनुभव इथे आणू नका, पाया पडतो.

त्यात आपलं नागपूर. २०१३ च्या मेमध्ये ४७.९ अंश झालेलं गाव आहे हे. पाणी ९५ वर ठेवायचं आणि बाहेर ४५ असेल तर रेडिएटरला खेळायला ५० अंशांचा फरक मिळतो, तेच बाहेर २८ असेल, समजा बंगळुरूसारखं, तर ६७. म्हणजे तेवढीच उष्णता फेकायला आपल्याला एक तृतीयांश जास्त रेडिएटर किंवा जास्त हवा पाहिजे. वर ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के पातळ. युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेलं वाचून रेडिएटरचा साइज ठरवला तर नवतपात इंजिन शिजेल. आणि हे पंपाने सुटत नाही हेही डोक्यात घ्या. पाण्याचा वेग दुप्पट केला म्हणून उष्णता दुप्पट जात नाही, कारण अडचण हवेच्या बाजूला असते, पाण्याच्या नाही. पंप मोठा केल्याने शिरणाऱ्या आणि निघणाऱ्या पाण्यातला फरक कमी होतो आणि चार सिलिंडरांमध्ये तापमान सारखं राहतं, एवढंच. तेही महत्त्वाचं आहे, पण छोटा रेडिएटर अन् त्याला हवा नेणारी डक्ट वाकडी असेल तर १५० लिटरचा पंप लावूनही काही होत नाही. याच्या उलटही एक गैरसमज आहे, पाणी फार जोरात फिरवलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही म्हणतात. बाप्पा, तेच पाणी परत परत फिरून येते ना, बंद चक्कर आहे. हे ऐकून कोणी पाइपात अडथळे घालत असेल तर त्याला थांबवा.

आता एकेक पंप.

डेव्हिस क्रेग ही ऑस्ट्रेलियन कंपनी, यांचे ईडब्ल्यूपी ८०, ११५ आणि १५०, आकडा म्हणजे मिनिटाचे लिटर. घरच्या विमानात इलेक्ट्रिक पंपाचा विषय निघाला की पहिलं नाव हेच येतं, आणि ते बरोबरही आहे. ब्रशवाली मोटर, प्लॅस्टिक बॉडी, ११५ चं वजन साधारण किलोभर, करंट दहा अँपिअरच्या आसपास. ११५ आणि १५० अ‍ॅल्युमिनियम बॉडीतही येतात, आणि विमानासाठी मी तीच घ्या म्हणेन, प्लॅस्टिक गरम पाण्याने लगेच वितळतं म्हणून नाही, ते काचेचे धागे घातलेलं नायलॉन आहे, दणकट आहे, पण पाइपाचा क्लॅम्प आवळणारा माणूस आमचा मित्र आहे आणि त्याला स्क्रू थांबेपर्यंत पिळायची सवय आहे. मला या पंपांचं सगळ्यात आवडतं ते म्हणजे दोन वायर. लाल, काळी, संपलं. बारा व्होल्ट द्या, फिरतो. कोणता कॉम्प्युटर नको, सिग्नल नको. विमानात हे सोनं आहे. ब्रश झिजतात, हा तोटा, म्हणजे तास मोजत जा आणि वेळेआधी बदला.

यांचा कंट्रोलर वेगळा मिळतो किंवा किटमध्ये येतो. थंड इंजिनवर पंप थांबून थांबून फिरवतो, तापमान ठरवलेल्या आकड्याजवळ आलं की वेग वाढवतो, त्याच्याही वर गेलं की फॅन लावतो, आणि इंजिन बंद झाल्यावर काही वेळ चालू ठेवतो. गाडीत झकास. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, काढून टाका असं तेच सांगतात, कारण थर्मोस्टॅटचं काम कंट्रोलर करतो. विमानात मात्र मला हे पटत नाही, म्हणजे चांगल्या दोन वायरच्या पंपाच्या मध्ये एक डबी बसवायची, आणि ती डबी एका सेन्सरच्या भरवशावर पंप हळू करायचं ठरवणार. आठवतं ना, २०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तिथे जास्त दाखवलं म्हणून नुसता गोंधळ झाला, इथे कमी दाखवलं तर पंप झोपून जाईल आणि हेड वाकेल. आम्ही थर्मोस्टॅट ठेवला, त्याच्या चकतीत एक बारीक भोक पाडलं हवा निघायला, बायपासची वाट चालू ठेवली, आणि पंप सरळ स्विचवर. हिवाळ्यात सकाळी इंजिन गरम व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, लागू द्या.

पिअरबर्ग या जर्मन कंपनीचा सीडब्ल्यूए २०० हा वेगळ्याच दर्जाचा माल आहे. बीएमडब्ल्यूने एन५२ इंजिनात २००० च्या दशकाच्या मध्यात इलेक्ट्रिक पंप आणला तो याच घराण्यातला. ब्रश नाहीत, रोटर पाण्यातच फिरतो म्हणून शाफ्टला सील नाही, म्हणजे गळायची एक जागा कमी. नावातले २०० म्हणजे वॅट, लिटर नाही, हे बघा, बरेच जण इथेच फसतात. याची खासियत अशी की अडथळ्यासमोर हा कमी लाजतो, म्हणजे साधारण अर्ध्या बारच्या दाबासमोरही भरपूर पाणी देतो, आणि डब्यावरचा आकडाही दाबासकट देतात. त्याच्यावरचा ४०० आमच्या इंजिनाला जास्त होतो. मग हाच का नाही घेतला? कारण याला वेगाचा सिग्नल द्यावा लागतो. गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर देतो, तुम्हाला वेगळा छोटा कंट्रोलर लावावा लागेल, आणि एकाच दिसण्याच्या पंपात आतली भाषा वेगवेगळी निघते, बीएमडब्ल्यूच्या गाडीतून काढलेला आणि रेसिंगवाल्यांसाठी विकतात तो वरून सारखा, आतून नाही. ज्याला इलेक्ट्रॉनिक्स येतं त्याने जरूर घ्यावा, पण एक प्रश्न विचारूनच: सिग्नलची वायर तुटली तर हा पंप फुल वेगाने फिरतो की थांबतो? दुकानदाराला उत्तर येत नसेल तर स्वतः टेबलावर ठेवून, बादलीत पाणी घेऊन, वायर उपटून बघा. ज्या पंपाचं हे उत्तर माहीत नाही तो विमानात लावू नका, मग तो कितीही जर्मन असो.

टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये पट्टाच काढून टाकला आणि इंजिनाला इलेक्ट्रिक पंप दिला, तोही चांगला आहे म्हणतात, पण नागपुरात प्रियस भंगारात सापडण्याची वाट बघायची असेल तर तेवढ्या वेळात दुसरं विमान बांधून होईल. बॉशचे छोटे पंप आहेत, हीटरला पाणी द्यायला किंवा इंजिन बंद झाल्यावर टर्बो थंड ठेवायला वापरतात, तसेच आता इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये बॅटरी आणि इन्व्हर्टरसाठी येतात ते. दिसायला गोंडस, दहा-वीस लिटरवाले. मुख्य पंप म्हणून विषयच सोडा. इंजिन बंद केल्यावर हेडमधली उष्णता काढायला मात्र एकदम फिट, ज्यांनी पट्ट्याचा पंप ठेवला आहे त्यांनी सोबत असा एक छोटा लावावा, स्वस्तात काम होतं.

मग ऑनलाइन मिळणारे बिननावाचे. एक मागवला होता, मुद्दामच, काय आहे बघू म्हणून. फोटोत ऑस्ट्रेलियन पंपाची सहीसही नक्कल, डब्यावर १५० लिटर. बादलीच्या परीक्षेत त्याच्या निम्म्यालाही पोचला नाही, तेही मोकळ्या पाइपाने. मग गरम पाण्यावर चालवला, ८५ अंशांवर, तर काही वेळाने शाफ्टपाशी हिरवट थेंब जमायला लागला, पुसला की परत. उघडल्यावर आत साधं रबरी ओठाचं सील, कार्बन-सिरॅमिकचं नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणे पाइप नीट लावला नसेल. पैसे गेले. त्याची मोटर आता शेडमध्ये कटिंग ऑइल फिरवते, तिथे बरी आहे.

बादलीची परीक्षा कशी घेतली ते सांगतो, कारण हे प्रत्येकाने करावं. पाण्याचा वीस लिटरचा कॅन घ्या, त्याचं तोंड कापून मोठं करा, मोबाइलचं स्टॉपवॉच. पहिल्यांदा पंप एकटाच, मोठ्या टाकीतून कॅनमध्ये. मग पंप, इंजिन, रेडिएटर, सगळे पाइप जसे विमानात असतील तसे जोडून, आणि रेडिएटरमधून पंपाकडे येणारा पाइप सोडून तो कॅनमध्ये, पंपाला पाणी टाकीतून. थर्मोस्टॅट उघडा अडकवून ठेवायचा. कॅन १५ सेकंदांत भरला तर ८० लिटर, २० सेकंद लागले तर ६०. दोन्ही वेळेस पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज लिहून ठेवायचं, बॅटरीवर नाही, पंपावर. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात जो फरक पडतो तो पाहून आमचे काका म्हणाले, हे इंजिन आहे का वॉशबेसिनची जाळी. तो फरक म्हणजे तुमच्या पाइपांची करामत. एक काटकोनी एल्बो काढून तिथे मोठ्या वळणाचा पाइप टाकला की सेकंद कमी होताना दिसतात, फुकटात. प्रवाह दुप्पट करायचा तर अडथळा चौपट होतो, म्हणून मोठा पंप घेण्याआधी पाइप सरळ करा.

व्होल्टेजचं का सांगतो, तर आमची बॅटरी वजनाचा तोल जमावा म्हणून मागे आहे. जायला चार मीटर आणि यायला चार मीटर वायर धरा. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमध्ये दहा अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच जिरतो. चार स्क्वेअरमध्ये ०.४. पंपाचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात आणि दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे तेरातला एक व्होल्ट गेला तर दाब पंधरा टक्के गेला. लोक पंप बदलतात, वायर बदलत नाहीत. आणि इतवारीत घरगुती वायर स्वस्त मिळते म्हणून ती लावू नका, विमानात टिनचा मुलामा असलेली, उष्णता सहन करणारी वायर लागते, थोडी महाग पडली तरी.

आता मुख्य भांडण, ज्याच्यावरून शेडमध्ये चहा थंड झाला. आमचे काका एअरफोर्सच्या मेंटेनन्स कमांडमधून रिटायर झालेले, इथेच वायुसेना नगरला होते, त्यांचा प्रश्न एकच, "लाईन गेली तर?" आमच्या मित्राचं म्हणणं, काका, इंजिन एमपीएफआय आहे, पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, इग्निशन सगळं विजेवर, लाईन गेली तर इंजिनच बंद पडेल, वॉटर पंपाने काय फरक पडतो? काका म्हणाले, "अल्टरनेटर गेला आणि बॅटरी आहे, तेव्हा बोल." आणि हाच खरा मुद्दा आहे. पेट्रोल पंप पाच अँपिअर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इंजेक्टर, इग्निशन मिळून पाचेक, म्हणजे दहा. त्यावर वॉटर पंपाचे दहा. १७-१८ अँपिअर-अवरची बॅटरी आहे, तर वॉटर पंप नसता तर कागदावर पावणेदोन तास होते, आता ५० मिनिटं. आणि कागदावरचं बॅटरी कधी देत नाही, एवढा करंट ओढला की ती लवकर बसते, त्यात नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत तिचा जीव निम्मा झालेला असतो. अर्धा तास धरून चाला. वॉटर पंपाने तुमचा घरी परत यायचा वेळ निम्मा केला, हे लक्षात घेऊन बॅटरी घ्या.

दुसरं, पंप स्वतःच मेला तर. पूर्ण पॉवरवर चढताना पाणी थांबलं तर हातात मिनिटांचाच वेळ आहे, म्हणून एकट्या इलेक्ट्रिक पंपावर उडायला मी तयार नाही. दोन पाहिजेत. ते शेजारी-शेजारी लावायचे की एकापाठोपाठ एक? शेजारी लावले तर एक बंद पडल्यावर दुसऱ्याचं पाणी बंद पंपातून उलटं फिरून परत त्याच्याच तोंडात येतं, इंजिनाकडे जातच नाही. हे टाळायला दोन्हींना नॉन-रिटर्न व्हॉल्व लागतात, म्हणजे अडकायला अजून दोन गोष्टी. शिवाय अडथळ्याच्या सर्किटमध्ये शेजारच्या पंपाने प्रवाह फारसा वाढत नाही. एकापाठोपाठ लावले की दोघांचा दाब जोडला जातो, अडथळ्याशी भांडायला नेमकं तेच पाहिजे, आणि एक मेला तर पाणी त्याच्या थांबलेल्या पंख्यामधून वाट काढत जातं. अडथळा होतो, पण जातं. किती जातं? फ्यूज काढून कॅन भरून बघा, दुसरा उपाय नाही. आम्ही आळीपाळीने दोन्ही फ्यूज काढून पाहिले, एकट्या पंपावर जेवढं पाणी आलं त्यात क्रूझचा हिशोब बसतो, पूर्ण पॉवरचा नाही. म्हणजे एक गेला की थ्रॉटल मागे आणि उतरायची तयारी. हे चालेल असं काकांनी मान हलवून सांगितलं, तोंडाने नाही.

म्हणून आमची निवड: दोन ईडब्ल्यूपी ११५, अ‍ॅल्युमिनियम बॉडी, एकापाठोपाठ, दोघांच्या वायर वेगळ्या, फ्यूज वेगळे, अर्थिंगसुद्धा वेगळं. एकाच नटावर दोघांचं अर्थिंग बांधलं तर दोन पंप घेऊन उपयोग काय. टेकऑफ आणि चढताना दोन्ही चालू, वर गेल्यावर एक, आणि आज एक तर पुढच्या खेपेला दुसरा, म्हणजे दोन्ही जिवंत आहेत हे कळत राहतं. दोन किलो वजन आणि दुप्पट पैसे. कस्टम, जीएसटी, कुरिअर धरून परदेशातल्या किमतीचा आणि हातात पडलेल्या किमतीचा संबंध राहत नाही, घरी सांगताना एकाचीच सांगा. १५० चा एकच का नाही, असं विचाराल तर उत्तर वर आलंच आहे, एक तो एकच. ज्याच्या इंजिनावर पट्ट्याचा पंप बसतो आहे, जागा आहे, त्याने तो ठेवावा आणि पैसे रेडिएटरच्या डक्टवर घालावे, मी इलेक्ट्रिकचा प्रचारक नाही.

बसवताना: पंप सगळ्यात खाली, रेडिएटरच्या बाहेर येणाऱ्या बाजूला, जिथे पाणी सगळ्यात थंड. गरम बाजूला लावला तर ओढणाऱ्या तोंडाशी दाब कमी होतो, पाण्याची वाफ होते आणि पंप बुडबुडे फिरवत बसतो, मोटरचा आवाज मोकळा झाल्यासारखा येतो, करंट कमी होतो, हीच खूण. ओढणाऱ्या बाजूचा पाइप मऊ असेल तर आत स्प्रिंग टाका, नाहीतर तो चपटा होतो आणि थंड झाल्यावर परत गोल, शोधून सापडत नाही. पाण्याची छोटी टाकी सगळ्यात वर, हेडच्याही वर, नाक वर केलेल्या अवस्थेतही वर, आणि हेडच्या उंच टोकापासून तिथे बारीक नळी, हवा निघायला. पाइप फॅन्सी निळे सिलिकॉनचे घेऊ नका, जिप्सीचे काळे रबरीच घ्या, कोणत्याही गावात मिळतात.

प्रेशर कॅपला, म्हणजे आतला दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाला, विसरू नका. समुद्रसपाटीवर पाणी १०० ला उकळतं, १०,००० फुटांवर ९० ला. ०.९ बारची कॅप बाहेरच्या हवेवर तेवढा दाब वाढवते, म्हणजे वर गेल्यावर उकळण्याचा आकडा कॅप असूनही खालीच सरकतो, फक्त ९० वर येत नाही, ११० च्या वर राहतो. कॅपचं रबर कडक झालं की सगळं गेलं, आणि ती शंभर-दोनशेची वस्तू आहे, दरवर्षी नवी. पाण्यात बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडचं बोअरचं पाणी काय असतं ते गीझरची कॉइल उघडून बघा. डिस्टिल्ड वॉटर आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणारं कूलंट. इथे बर्फ पडत नाही त्यामुळे अर्धं-अर्धं करायची गरज नाही, ३० टक्के कूलंट पुरतं, पाणी जास्त असलं की उष्णताही जास्त वाहून नेतं, गंज रोखण्यापुरतं औषध त्यात असलं म्हणजे झालं, डब्यावर कमीत कमी किती टक्के लिहिलंय ते तेवढं बघा.

आणि एक मीटर जास्तीचा लावा, पाण्याच्या दाबाचा. तापमानाचा काटा पाण्यात बुडालेल्या सेन्सरवर चालतो, पाणीच गळून गेलं तर सेन्सर हवेत लटकतो आणि काटा खाली येतो, पायलट खूश, इंजिन जळून राहिलं. दाबाचा काटा पडला की लगेच कळतं. पंपांच्या वायरवर दोन छोटे अँपिअर मीटर लावले तर अजून उत्तम, करंट कमी म्हणजे पंप रिकामा फिरतोय, शून्य म्हणजे ब्रश गेले, जास्त म्हणजे पंपाच्या पंख्यात काहीतरी अडकलं. आमच्याकडे तेवढे अजून लागलेले नाहीत, पॅनेलला भोकं पाडून ठेवली आहेत, मीटर यायचे आहेत.